घरी इलेक्ट्रिक गिटार बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एकाच प्रकारच्या गिटारीला धरून आहेत: सपाट भरीव बॉडी, चार स्क्रूंनी बसवलेला नेक (गिटारीची मान), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर पकडणारी, एकाच वेटोळ्याची चुंबकं). म्हणजे टेलिकास्टरचा साचा. लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियात हा नमुना बाजारात आणला, तो कारखान्यात भराभर जुळवता यावा आणि बिघडलेला भाग सहज बदलता यावा म्हणूनच. त्यामुळे नवशिक्याला आजही यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

घरी बनवलेली गिटार खरंच वाजवण्याजोगी होते का?

होते. क्वीन या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये, शाळेत असताना, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी वापरलं, ट्रेमोलोला (दांड्याने स्वर वरखाली करणाऱ्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, त्याच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसवला आणि फ्रेटबोर्डवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे केले. पुढे क्वीनमध्ये त्यांनी प्रामुख्याने हीच गिटार वाजवली. (त्यांच्याशेजारी उभे राहून गाणारे फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले.)

वाजवण्याजोगी होणं तीन गोष्टींवर ठरतं: नेक घट्ट आणि सरळ बसलेला असणं, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागेवर असणं आणि फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एका पातळीत असणं. यात महागडं लाकूड कुठेच नाही. वेळ आणि काळजी खर्चायची ती या तीन ठिकाणी.

नेकही स्वतःच बनवायचा का?

पहिल्या गिटारीला नको. तयार नेक घ्या, बॉडी स्वतः करा. नेकमध्ये ट्रस रॉडची (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईची) खाच, फ्रेटच्या चिरा, फ्रेटबोर्डची गोलाई आणि मागचा आकार अशी चार वेगळी कौशल्यं एकत्र येतात आणि एक चुकलं की बाकीची तीन वाया जातात.

गणित मात्र समजून घ्या. स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतचं (तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंतचं) मूळ अंतर, फेंडरच्या पद्धतीत २५.५ इंच, साधारण ६४८ मिमी असतं. त्याला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटचं नटपासूनचं अंतर मिळतं, सुमारे ३६.४ मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं की दुसरा फ्रेट, आणि असंच पुढे. बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२४ मिमीवर येतो. तयार नेक घेतल्यावर सगळ्यात आधी हे अंतर मोजा. विकणाऱ्याने सांगितलेलं स्केल आणि प्रत्यक्षातलं स्केल जुळत नसेल तर ब्रिजची जागा चुकणारच.

फ्रेटबोर्ड शिसवीचा मिळाला तर उत्तम. जगभरच्या असंख्य गिटारींवर भारतातलाच शिसवी आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आल्यावर तर त्याची मागणी आणखी वाढली. २०१७ मध्ये आपल्या शिसवीवरही आंतरराष्ट्रीय परवान्याची अट आली, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

बॉडीसाठी इथे मिळणारं कोणतं लाकूड घ्यावं?

आधी वजनाचा विचार करा. या आकाराच्या ४५ मिमी जाडीच्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड असतं. लाकडाची घनता त्याने गुणली की वजन कळतं. सागवान घनमीटरला ६५० किलोच्या आसपास असतो, म्हणजे नुसती बॉडी अडीच किलोच्या वर. शिसम आठशेच्या आसपास, म्हणजे तीन किलोच्या पुढे. हार्डवेअर आणि नेक धरून अशी गिटार तासभर खांद्याला लटकवून बघा, मग कळेल. तून आणि शिवण यांची घनता ४५० ते ५५० च्या पट्ट्यात, म्हणजे बॉडी दोन किलोच्या आगेमागे. हे वजन योग्य.

माझी पहिली पसंती तूनला. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी पिढ्यानपिढ्या हेच लाकूड वापरत आले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तून रंगाने लालसर, रंध्याला मऊ आणि महोगनीच्याच कुळातला आहे. शिवण फिकट पिवळसर असतो, वाळल्यावर फारसा वाकत नाही आणि त्यावर रंग छान बसतो. तो मिळाला तर सोडू नका.

सागवान जुन्या दाराचा किंवा तुळईचा मिळत असेल तर मोह होतो, आणि तो रास्तही आहे, कारण इतकं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. दोन गोष्टी पाळा. आतले खिळे शोधायला आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर राऊटरची (लाकूड कोरणाऱ्या यंत्राची) बिट पहिल्याच फेरीत जाईल. आणि सागात तेल असतं, त्यामुळे फळ्या चिकटवण्याआधी कडा ॲसिटोनने पुसा आणि लगेच फेविकॉल लावा.

आंब्याचं लाकूड स्वस्त आणि देखणं, पण त्याला भुंगा लागतो. प्रक्रिया केलेलं असेल तरच घ्या. पॅकिंगच्या पेट्यांत येणारं पाइनही चालतं. फेंडर यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांच्या बॉडी पाइनच्याच होत्या. मात्र त्यावर नख दाबलं तरी वण उठतो.

लाकडाने आवाज किती बदलतो?

भरीव इलेक्ट्रिक गिटारीत फार थोडा. पिकअप तारेची थरथर पकडतो, बॉडीतून हवेत जाणारा आवाज पकडत नाही. पिकअप, त्यांची तारेपासूनची उंची, पॉटचं (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचं) ओहममधलं मूल्य आणि तुमचा ॲम्प्लिफायर यांनी जो फरक पडतो त्यापुढे तून की शिवण हा प्रश्न गौण आहे. लाकूड वजन, टिकाऊपणा आणि दिसणं बघून निवडा.

लाकूड पुरेसं वाळलंय हे कसं ओळखायचं?

मॉइश्चर मीटर असेल तर १२ टक्क्यांच्या खाली आलेलं घ्या. नसेल तर फळी घरी आणून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही की ती तुमच्या घरच्या हवेशी जुळली. वखारीतून आणलेली फळी त्याच दिवशी कापायला घेऊ नका.

फ्लॅटमध्ये राहतो. राऊटरचा आवाज आणि भुसा सोसायटीत कसा चालणार?

चालवू नका. शहरात दारांवर आणि देवघरांवर कोरीव काम करून देणारे सीएनसीवाले (संगणकावर चालणारं कोरीव यंत्र असलेले) जागोजागी आहेत. डीएक्सएफ फाइल (आकाराचं संगणकी रेखाचित्र) आणि चिकटवून सपाट केलेली फळी दिली की बॉडीचा आकार, नेक पॉकेट (नेक बसायचा खड्डा) आणि पिकअपचे खड्डे काढून मिळतात. एकच अट घाला: आधी एमडीएफच्या तुकड्यावर नेक पॉकेट कापून घ्यायचं, त्यात तुमचा नेक घालून बघायचा, मगच खऱ्या लाकडाला हात लावायचा.

अंगण किंवा गच्ची असेल तर १२ मिमी एमडीएफचा साचा, बेअरिंगवाली बिट आणि राऊटर एवढ्यात काम होतं. जिगसॉने रेषेच्या बाहेर दोन मिमी ठेवून कापा आणि उरलेलं राऊटरने काढा. एका फेरीत तीन-चार मिमीपेक्षा खोल जाऊ नका. शिंगाजवळ (नेकशेजारच्या टोकदार भागाजवळ), जिथे लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात, तिथे बिट मोठी ढलपी उडवते, म्हणून तिथे हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. साग आणि शिसवीचा भुसा नाकाला आणि त्वचेला झोंबतो. मास्क हवाच.

दोन फळ्या जोडून बॉडी केली तर कमजोर होते का?

नाही. कारखान्यातल्या बहुतेक बॉडीही जोडलेल्याच असतात. कडा रंधून एकमेकींवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर रंधा अजून मारायचाय. शिकंजे आवळून दाबल्याने फट बुजते असं वाटतं, पण तो ताण लाकडात राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात जोड उघडतो.

नेक पॉकेट किती घट्ट असावं?

साधारण ५६ मिमी रुंद आणि १६ मिमी खोल, पण माप कागदावरचं नव्हे, हातातल्या नेकवरून घ्या. स्क्रू न लावता नेक पॉकेटमध्ये दाबा आणि नेक धरून बॉडी उचला. ती पडता कामा नये आणि नेक ठोकून बसवावा लागता कामा नये. पॉकेटचा तळ पूर्ण सपाट हवा. कोपऱ्यात भुशाची गुठळी राहिली तरी नेक एका बाजूला कलतो. फिनिश करताना पॉकेट मास्किंग टेपने झाका, कारण रंगाचा थर तिथे शिरला की घट्ट बसणारा नेक आत जातच नाही आणि जोर केला तर कडेचा रंग तडकतो.

स्क्रूची भोकं आधी बारीक ड्रिलने पाडा आणि स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. मेपलच्या नेकमध्ये कोरडा स्क्रू पिळला तर डोकं तुटून दांडा आतच राहतो.

ब्रिज नेमका कुठे बसवायचा?

एवढी एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही गिटार कधीच सुरात येणार नाही, म्हणून इथे घाई करू नका.

नेक चारही स्क्रूंनी बसवून घ्या. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून पट्टी लावून बॉडीवर ६४८ मिमीची खूण करा. ही बारीक ई तारेच्या (सगळ्यात बारीक तारेच्या) सॅडलची जागा. ब्रिजवरचं बारीक ईचं सॅडल पुढे, म्हणजे नेकच्या दिशेने, जवळजवळ शेवटपर्यंत सरकवा आणि त्याचा माथा या खुणेवर आणा. कारण प्रत्यक्षात प्रत्येक तारेला स्केलपेक्षा थोडी जास्त लांबी लागते. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड ई तारेला तीन-चार मिमीपर्यंत जास्त लागतं. त्यामुळे सॅडलला मागे सरकायला जागा उरली पाहिजे, पुढे नाही.

आता आडवी जागा. बॉडीच्या मध्यरेषेवर विसंबू नका, नेक कसा बसलाय त्यावर विसंबा. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून शिवणकामाचा दोरा घ्या, दोन्ही टोकांच्या सॅडलवरून ताणून टेपने चिकटवा. शेवटच्या फ्रेटजवळ दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. एका बाजूला दोन मिमी आणि दुसऱ्या बाजूला चार मिमी दिसत असेल तर वाजवताना बारीक तार कडेवरून घसरेल. ब्रिज हलवा, पुन्हा बघा. जमलं की टेपने पक्का करा, ६४८ पुन्हा मोजा आणि मगच भोकं पाडा.

याच वेळी ब्रिजखालून कंट्रोलच्या (पॉट आणि स्विचच्या) खड्ड्यापर्यंत अर्थच्या तारेसाठी बारीक भोक पाडून ठेवा. फिनिश झाल्यावर आठवलं तर लांब ड्रिल तिरका घालताना बॉडीवर ओरखडा ठरलेला.

टेलिकास्टरचा आकार वापरणं कायद्याने चालतं का?

स्वतःसाठी बनवताना अडचण नाही. विकायला बनवाल तर नाव आणि हेडस्टॉकचा (नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाचा) आकार फेंडरचे नोंदणीकृत आहेत, ते टाळा. बॉडीच्या आकारावर फेंडरने अमेरिकेत ट्रेडमार्क मागितला होता, तो अर्ज २००९ मध्ये फेटाळला गेला.

फिनिश कोणतं करावं?

घरी करण्याजोगी तीन: तेल, लाखेचं पॉलिश आणि एनसी लॅकर.

तेल सगळ्यात सोपं. टंग किंवा डॅनिश ऑइल कापडाने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच हात झाले की लाकूड मऊ झळाळतं आणि ओरखडा आला तर तेवढ्याच जागी परत तेल लावता येतं. एक धोका खरा आहे: तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या वापरून झाल्या की लगेच पाण्यात टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. कचऱ्याच्या डब्यात बोळा करून कधीही टाकू नका.

लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, जुन्या फर्निचरवर दिसतं ते. तूनवर ते अतिशय सुंदर दिसतं. पण मनगट टेकतं तिथे घामाने मऊ पडतं. त्यामुळे मी ते खालचा थर म्हणून वापरायचा सल्ला देतो. वर पीयू (पॉलियुरेथेन) द्यायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्या, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही.

एनसी लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडे पेंटर गुळगुळीत रंगकामाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे ड्युपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. फेंडरचे जुने खास रंगही मोटारींच्याच रंगपेट्यांतले: फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. आवडत्या स्कूटरचा किंवा एसटीचा रंग गिटारीला द्यावासा वाटला तर त्यामागे ७० वर्षांची परंपरा आहे. रंग जुळवून देणाऱ्या मोटारपेंटच्या दुकानात नमुना घेऊन जा.

मग दोन भागांचं पीयू का नको? फर्निचरवाले तर तेच मारतात.

फिनिश म्हणून ते उत्तम आहे, पण घरात फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या सूक्ष्म थेंबांनी कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काहीच कामाचा नाही. पीयूच हवं असेल तर बॉडी घासून, रंध्रं भरून तयार करा आणि बूथ (फवारणीची बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या.

रंग दिल्यावर लाकडाची रंध्रं खड्ड्यांसारखी दिसतात. काय राहिलं?

रंध्रं भरायची राहिली. तून, साग, महोगनी यांची रंध्रं उघडी असतात आणि लॅकर वाळताना त्यात खचतं. आधी ८०, १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने मारा. २२० झाला की ओल्या फडक्याने बॉडी पुसा. तंतू उभे राहतील. वाळल्यावर पुन्हा २२० हलका फिरवा. मग फिलर. आपले पॉलिशवाले खडूची भुकटी आणि गेरू किंवा रामरज कालवून लाकडाच्या रंगाचा लगदा करतात. तो रेषांना आडवा चोळायचा, म्हणजे रंध्रांतून निघून येत नाही. वाळला की वरचा घासून काढा. मग सँडिंग सीलरचे दोन हात, ३२० ने घासणं आणि बॉडी उजेडात तिरकी धरून तपासणं. चमकणारे बारीक ठिपके दिसताहेत तोवर सीलर आणि घासणं पुन्हा. दिसायचे बंद झाले की रंगाला हात लावा.

पावसाळ्यात फिनिश करावं का?

तेल चालेल, वेळ जास्त लागेल. लॅकर नको. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि थर दुधट पांढरा होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लाकूडकाम, वायरिंग उरकून घ्या आणि लॅकर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळचं दव गेल्यावर मारा.

रंगात गोल खड्डे का पडतात?

सिलिकोनमुळे. फर्निचरचा स्प्रे, गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश किंवा केसांचं सीरम हाताला लागलेलं असतं. सीलरनंतर बॉडीला नुसत्या हातांनी शिवू नका.

आरशासारखी चकाकी कशी आणायची?

वाट बघून. एनसी लॅकर हाताला कोरडं लागलं तरी आतून तीन-चार आठवडे आकसत असतं. त्याआधी घासलं तर चकाकी येते, पण महिनाभराने रंध्रं पुन्हा वर दिसू लागतात. नंतर १००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून मारा, मग १५००, मग २०००, मग रबिंग कंपाउंड. कडांवर ठोकळा नको, तिथे लॅकर पातळ असतं आणि दोन फेऱ्यांत लाकूड दिसतं. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. आतून लाकूड फुगून भोकाभोवती लॅकर तडकतं.

वायरिंगला काय काय लागतं?

सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे दोन पॉट, तीन जागांचा स्विच, ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जॅक. हे सामान मिळतं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत. पॉटचा दांडा हातात आल्याशिवाय भोक पाडू नका, कारण त्याची जाडी उत्पादकागणिक बदलते. पॉटच्या पाठीला डाग मारताना ४०-६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न लागतं. कमी ताकदीच्या आयर्नने पॉट आतून भाजेपर्यंत तापवत बसावं लागतं. तारा चढवण्याआधी ॲम्प्लिफायरला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, प्रत्येक जागेवर आवाज यायला हवा.

गुणगुण येते आणि तारेला हात लावला की थांबते. बरोबर आहे ना?

ब्रिजची अर्थ जोडलेली आहे याची ती खूण, म्हणजे वायरिंग ठीक. गुणगुण कमी करायला खड्ड्यांत तांब्याची पट्टी चिकटवा आणि ती अर्थला जोडा. पण जिथे ॲम्प्लिफायर लावता त्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि तीन पिनांचा प्लग कधीही टू-पिनवर लावू नका. तारा ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात करंट उतरला आणि अर्थिंग नसलं तर तो तुमच्या हातात येतो.

दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज एकदम पातळ होतो.

ते एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये आहेत. एका पिकअपच्या दोन तारा अदलाबदल करा. नेकचा पिकअप बदलणार असाल तर त्याचं धातूचं झाकण आधी अर्थच्या तारेपासून सोडवून त्याला स्वतंत्र अर्थ द्या, नाहीतर झाकणात सिग्नल येऊन हात लागला की गुणगुणेल.

शेवटचं सेटअप कसं करायचं?

१०-४६ च्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६ इंच) तारा चढवून एक दिवस ताणात राहू द्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव वळसाच फिरवा. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ ते २ मिमी ठेवा. शेवटी ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटवर नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) ताडून बघा: दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर ट्रस रॉड पुन्हा तपासावा लागेल, तोवर नेक आणि बॉडी नव्या जागेला जुळत असतात.